चिप रक्तातले लोह ओढत नाही

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चिपवर बसवलेल्या सूक्ष्म चुंबकांच्या साहाय्याने रक्तातील आजार ओळखण्याच्या तंत्राविषयी गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत एक लेख प्रसिद्ध झाला. हा विषय मराठी वाचकांपुढे आणल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण सोलापुरात अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवताना या विषयावर मराठीत मला फारसे काही वाचायला मिळाले नव्हते. मात्र ‘चिपमधील चुंबक रक्तातील लोह स्वतःकडे ओढून घेतो आणि त्यावरून आजार कळतो’ हे त्या लेखातील मध्यवर्ती विधानच चुकीचे आहे. त्याच पानाच्या तळाशी चुंबकीय गाद्या आणि कडी यांच्या विक्री-प्रदर्शनाची जाहिरात होती, आणि तिच्यातही जवळजवळ तेच वाक्य होते: चुंबक रक्तातील लोहाला गती देतो, त्यामुळे रक्ताभिसरण सुधारते आणि मधुमेह व रक्तदाब आटोक्यात येतो. वरच्या लेखाने खालच्या जाहिरातीची अशी काही साक्ष दिली की, सोमवारी सकाळीच आमच्या शेजारचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. ते चादरीच्या कारखान्यात तीस वर्षे जॉबर होते आणि सध्या डॉक्टरांनी त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. कडे घातल्यावर गोळ्या बंद केल्या तर चालतील का, असे त्यांनी विचारले. त्यांना मी तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितले. पण तोच प्रश्न पडलेले आपले आणखी किती वाचक असतील याचा अंदाज नसल्याने हे पत्र लिहीत आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्यातील साधारण दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते, हे खरे आहे. परंतु खिळ्यातील लोहाचे असंख्य अणू एकमेकांना लागून बसलेले असतात आणि आपापली चुंबकीय दिशा शेजाऱ्याशी जुळवून घेतात, म्हणून खिळा चुंबकाला चिकटतो. हिमोग्लोबिनच्या रेणूत लोहाचे अवघे चार अणू असतात आणि तेही प्रथिनाच्या घड्यांमध्ये एकमेकांपासून दूर, एकेकटे बसलेले असतात. मायकेल फॅरडे यांनी ८ नोव्हेंबर १८४५ रोजी वाळलेल्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म तपासले आणि ताज्या, पातळ रक्तावरही प्रयोग करून पाहायला हवा, अशी नोंद स्वतःसाठी करून ठेवली. ते उरलेले काम १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी पुरे केले. ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन प्रतिचुंबकीय असते, म्हणजे चुंबकापासून किंचित दूर सरते, आणि ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन समचुंबकीय असते, म्हणजे चुंबकाकडे किंचित ओढले जाते, असे त्यांना आढळले. दोन्हीकडे ‘किंचित’ हाच शब्द महत्त्वाचा आहे. एमआरआयच्या यंत्रात रुग्ण अर्धा-पाऊण तास १.५ किंवा ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात पडून असतो. सोलापूरच्या पृथ्वीय चुंबकीय क्षेत्राच्या हे क्षेत्र तीस हजार पटींहून अधिक आहे. चुंबक जर रक्तातील लोह ओढू शकत असता, तर त्या यंत्रातून एकही रुग्ण धडपणे बाहेर आला नसता.

याला एक अपवाद आहे, आणि तो लपवून माझी बाजू बळकट करण्यात अर्थ नाही. अतिशय बारीक पोलादी तारांच्या जाळीतून, बाहेरून मोठे चुंबकीय क्षेत्र लावून, ऑक्सिजन सोडलेल्या लाल पेशी गाळून घेता येतात, हे १९७५ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. हिवतापाचा परजीवी हिमोग्लोबिन खाऊन जो काळसर रंगद्रव्याचा कण मागे ठेवतो तोही समचुंबकीय असल्यामुळे, अशा बाधित पेशी चुंबकीय गाळणीत अडकतात. पण दोन्ही ठिकाणी पेशी तारेपासून काही मायक्रॉनांवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) यावी लागते. मनगटावरच्या कड्याचा किंवा गादीखालच्या चकतीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

मग चिपवर चुंबक ओढतो तरी काय? तो ओढतो आपण बाहेरून रक्तात किंवा रक्तद्रवात मिसळलेले मणी. हे मणी प्लास्टिकचे, बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात, आणि त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत लोहाच्या ऑक्साइडचे सुमारे दहा नॅनोमीटरचे कण भरलेले असतात. सगळे मणी एकाच आकाराचे बनवणे ही यातली खरी अडचण होती. ती १९७६ मध्ये नॉर्वेतील ट्रॉनहाइमचे रसायनशास्त्रज्ञ जॉन उगेलस्टॅड यांनी सोडवली. असे अगदी एकसारखे गोळे फक्त अवकाशात, वजनरहित अवस्थेतच नीट बनतील असा त्या काळी समज होता, आणि पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेने ते स्पेस शटलमध्ये बनवूनही पाहिले. उगेलस्टॅड यांनी ते जमिनीवरच बनवले होते. आज सर्रास वापरात असलेल्या मण्यांचे व्यास १, २.८ आणि ४.५ मायक्रॉन असे असतात. सोलापूरकरांना कळेल असे सांगायचे तर कापसाचा एक तंतू साधारण बारा ते वीस मायक्रॉन रुंद असतो, म्हणजे चादरीच्या सुतातील एका तंतूच्या रुंदीवर २.८ मायक्रॉनचे पाच-सहा मणी शेजारी शेजारी बसतील.

मण्यातले लोह-ऑक्साइडचे कण इतके लहान ठेवण्यामागे कारण आहे. एवढ्या छोट्या कणाची चुंबकीय दिशा खोलीच्या साध्या उष्णतेनेही सतत उलटसुलट होत राहते. बाहेरून क्षेत्र लावले की सगळ्या दिशा एका बाजूला वळतात आणि क्षेत्र काढले की पुन्हा विखुरतात. लुई नील यांनी १९४९ मध्ये हे गणिताने मांडले, आणि १९७० मध्ये त्यांना चुंबकत्वावरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. या गुणाला सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की, मणी चुंबक जवळ असेपर्यंतच चुंबक असतो. चुंबक दूर केल्यावर मणी पुन्हा मोकळे होतात, एकमेकांना धरून त्यांचे गठ्ठे होत नाहीत, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे ते पुनःपुन्हा धरणे, धुणे आणि सोडणे शक्य होते. मण्याच्या पृष्ठभागावर ज्या पदार्थाचा शोध घ्यायचा त्याचे प्रतिपिंड (अँटीबॉडी) चिकटवलेले असतात. रक्तातील तो पदार्थ प्रतिपिंडाला धरतो, आपण चुंबकाने मणी धरतो आणि बाकीचे सगळे धुऊन टाकतो. थायरॉइडसारख्या तपासण्या करणाऱ्या स्वयंचलित यंत्रांपैकी अनेकांत आज हेच चालते, आणि २०२० मध्ये कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीसाठी स्वॅबमधून आरएनए वेगळा काढण्याचे कामही बहुतेक मोठ्या यंत्रांत अशाच मण्यांनी केले. तेव्हा आपल्या लेखात ‘भविष्यातील चमत्कार’ म्हणून ज्याचे वर्णन आहे त्याचा अर्धा भाग आपल्या शहरातल्या लॅबमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. तिथे नाही ती फक्त चिप.

चिपचे काम कळायचे तर एक जुनी गोष्ट आठवावी लागते. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यावर बुचाच्या चकतीत टोचलेली चुंबकीय सुई तरंगत सोडली, तर ती वळून उत्तर-दक्षिण उभी राहील, पण उत्तरेच्या काठाकडे चालू लागणार नाही. रॉबर्ट नॉर्मन या होकायंत्र बनवणाऱ्या लंडनच्या कारागिराने १५८१ मध्येच हे दाखवले होते. क्षेत्र सगळीकडे सारखे असेल तर ते चुंबकाला फक्त वळवते. ओढण्यासाठी क्षेत्र एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असावे लागते. या चढ-उताराला भौतिकशास्त्रात प्रवणता म्हणतात, आणि मण्यावरील ओढ क्षेत्र व प्रवणता या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. आपल्या लेखात ‘चिपमधील चुंबक अत्यंत शक्तिशाली असतात’ असे म्हटले आहे, ते याच ठिकाणी घसरते. चिपवर चुंबकाचे काम करणाऱ्या धातूच्या बारीक रेषेतून पन्नास मिलिअँपिअर विद्युतप्रवाह सोडला, तर तिच्या मध्यापासून दहा मायक्रॉन अंतरावर क्षेत्र भरते अवघे एक मिलिटेस्ला. बाजारात मिळणाऱ्या निओडिमियमच्या चकतीच्या पृष्ठभागावर ते याच्या काहीशे पट असते. प्रवणता मात्र त्या रेषेजवळ मीटरला शंभर टेस्ला इतकी असते. गुणाकार केला तर २.८ मायक्रॉनच्या मण्यावर सुमारे पाऊण पिकोन्यूटन बल येते आणि पाण्यात तो सेकंदाला वीस-तीस मायक्रॉन वेगाने सरकतो. मोठ्या चकतीपुढे हे बल काहीच नाही. चिपचे मोल वेगळ्या गोष्टीत आहे: चकती सगळे मणी एकदम ओढते, तर चिप हवा तोच मणी ओढते आणि शेजारच्याला हात लावत नाही. अंतर दुप्पट झाले की रेषेची ओढ एक अष्टमांश उरते, म्हणून शेजारचा मणी सुरक्षित राहतो. आणि त्याच कारणाने जरा दूर गेलेला मणी चिपच्या हाती कधीच लागत नाही.

ओढ वाढवायची तर प्रवाह वाढवावा, हे सहज सुचते. प्रवाह दुप्पट केला तर ओढ चौपट होते, पण रेषेत निर्माण होणारी उष्णताही चौपटच होते. दहा मायक्रॉन रुंद आणि एक मायक्रॉन जाड रेषेतून पन्नास मिलिअँपिअर जातात, तेव्हा तिच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरला पाच हजार अँपिअर इतकी ती दाटी असते. घरातल्या वायरिंगमध्ये दर चौरस मिलिमीटरला दहा अँपिअर म्हणजेसुद्धा पुष्कळ झाले. खालचे सिलिकॉन उष्णता झपाट्याने वाहून नेते म्हणून ती रेषा जळत नाही. तरीही वरच्या थेंबातील प्रतिपिंड आणि पेशी तापून निकामी होऊ नयेत ही मर्यादा उरतेच. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या संस्थेत मार्टिन गाइस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यातून जी वाट दाखवली ती मला आजही फार आवडते. त्यांनी चिपवरील सपाट वेटोळी एका बाहेरच्या, सगळीकडे सारख्या असलेल्या चुंबकीय क्षेत्रात ठेवली. तलावातील सुईला न ओढणारे तेच सपाट क्षेत्र इथे मण्याला चुंबक बनवण्याचे काम करते, आणि वेटोळ्याकडे फक्त प्रवणता पुरवण्याचे काम उरते. त्यामुळे थोड्या प्रवाहात, थोड्या उष्णतेत, मणी एका वेटोळ्यावरून पुढच्यावर आणि तिथून त्याच्या पुढच्यावर असा लांबपर्यंत नेता येतो.

हार्वर्डमध्ये रॉबर्ट वेस्टरव्हेल्ट यांच्या प्रयोगशाळेने २००१ मध्ये याहून वेगळी रचना केली होती. त्यात उभ्या रेषांचा एक थर, त्यावर आडव्या रेषांचा दुसरा थर, मध्ये विजेला अडवणारे आवरण, आणि प्रत्येक रेषेत किती प्रवाह सोडायचा हे स्वतंत्रपणे ठरवण्याची सोय होती. अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याला, ज्याचे वडील मागावर काम करतात, मी फळ्यावर ही आकृती काढून दाखवली, तेव्हा तो लगेच म्हणाला, ‘‘सर, हा तर ताणा-बाणा झाला.’’ आणि खरोखरच, जकार्ड मागावर भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे जसे कोणता धागा उचलायचा ते ठरवतात आणि चादरीवर मोर उमटतो, तसेच इथे कोणत्या क्षणी कोणत्या रेषेत किती प्रवाह जाईल याच्या यादीतून क्षेत्राचे शिखर एका छेदापासून दुसऱ्या छेदापर्यंत सरकते आणि त्याच्या मागोमाग मणी सरकतो. तुलना एका ठिकाणी मात्र तुटते. मागावर एक धागा उचलला तर शेजारचा जागचा हलत नाही. चिपवर प्रत्येक रेषेचे क्षेत्र सगळीकडे पसरते आणि कोणत्याही बिंदूवर सर्वांची बेरीज होते, त्यामुळे एक शिखर उभे करायचे तर आजूबाजूच्या रेषांतले प्रवाहही हिशेबाने जुळवावे लागतात. प्रवाहच न वापरणारी एक तिसरी वाटही आहे: चिपवर निकेल-लोहाच्या पातळ चकत्यांची नक्षी काढायची आणि बाहेरून फिरते क्षेत्र लावायचे, म्हणजे मणी चकतीच्या कडेकडेने फिरत पुढच्या चकतीवर उडी मारतो. तिच्याविषयी पुन्हा कधी लिहीन.

त्याच विद्यार्थ्याबरोबर मी या उन्हाळ्यात जे करून पाहिले ते इथे सांगितले पाहिजे, कारण ‘असे संशोधन कोट्यवधी रुपयांच्या प्रयोगशाळेतच शक्य आहे’ असेही आपल्या लेखात म्हटले आहे. ०.२ मिलिमीटर रुंद तांब्याच्या रेषा असलेला साधा प्रिंटेड सर्किट बोर्ड, कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक, मोडक्या स्पीकरमधून काढलेल्या दोन गोल चुंबकीय चकत्या, मोबाइलचा टॉर्च, आणि एका पॅथॉलॉजी लॅबने टाकून देण्याआधी आम्हाला दिलेली, मुदत संपलेल्या मण्यांची एक छोटी बाटली, एवढे आमचे साहित्य होते. पहिल्या दोन रविवारी मणी काचेला चिकटून बसले ते हललेच नाहीत. पाण्यात ट्वीन-२० नावाच्या साबणासारख्या द्रवाचा अंश घातल्यावर ते सुटले. तिसऱ्या रविवारी एक अँपिअर प्रवाह सोडल्याबरोबर मण्यांचा करडा ढग रेषेकडे वाहू लागला आणि आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग विद्यार्थ्याने प्रवाहाची दिशा उलटी केली. स्पीकरच्या चकत्यांचे स्थिर क्षेत्र लावलेले असताना प्रवाह उलटला तर मणी रेषेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेले पाहिजेत, कारण ज्या बाजूला दोन क्षेत्रांची बेरीज होत होती तिथे आता वजाबाकी होते. ढग मात्र पहिल्यासारखाच, त्याच वाटेने वाहत राहिला. आम्ही ज्याला चुंबकाची ओढ समजत होतो तो तापलेल्या तांब्यावरील पाण्याचा प्रवाह होता, आणि उष्णतेला विजेच्या दिशेशी कर्तव्य नसते! प्रवाह कमी केला, तो सलग न सोडता थोडा थोडा वेळ सोडला, आणि चकत्या जवळ आणून स्थिर क्षेत्र वाढवले, तेव्हा आणखी चार रविवारांनंतर मणी दिशेप्रमाणे बाजू बदलू लागले. एकेक मणी निवडणे या रुंद रेषांना जमत नाही आणि आमचा तसा दावाही नाही. पण खऱ्या आणि भासमान परिणामातला फरक कसा ओळखायचा, हे त्या मुलाला वर्षभराच्या प्रॅक्टिकलपेक्षा त्या एका उलट्या प्रवाहाने शिकवले, आणि चुंबकीय कड्यांच्या बाबतीत विचारायचा प्रश्नही नेमका हाच आहे: कड्यातला चुंबक काढून घेतला आणि घालणाऱ्याला ते कळू दिले नाही, तर फरक पडतो का?

मण्याला धरून नेल्यावर तो मोजण्याचे काम उरते. १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी, धातूंच्या अतिपातळ थरांचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्रात मोठ्या प्रमाणात बदलतो, असे स्वतंत्रपणे शोधले. संगणकाच्या हार्ड डिस्कची वाचणारी टोके त्यावर चालू लागली आणि पुढे त्या दोघांना २००७ चे नोबेल मिळाले. याच थरांवर चुंबकीय मणी बसला तर त्याचे क्षीण क्षेत्र टिपता येते, हे अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १९९८ मध्ये एका उपकरणाने दाखवले. त्या उपकरणाच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप नेमके ‘बार्क’ होते. आपल्या लेखात हे उपकरण भाभा अणुसंशोधन केंद्राचे असल्याचे म्हटले आहे ते बहुधा या नामसाधर्म्यामुळेच, आणि ही चूक मी क्षम्य समजतो.

क्षम्य न वाटणारे विधान दुसरे आहे: ‘रक्ताच्या एका थेंबातून कर्करोगासह शंभर आजार’. चिप मणी मोजते. मण्याला जे चिकटले ते हव्या त्या पदार्थामुळेच चिकटले की काहीतरी भलतेच अंगाला लागले, हे प्रतिपिंडाच्या गुणवत्तेवर आणि धुण्याच्या नेटकेपणावर ठरते. चुंबक कितीही हुशारीने चालवला तरी त्यात फरक पडत नाही. त्याहून मोठा अडसर साध्या अंकगणिताचा आहे. रक्तात फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशी चुंबकीय कणांनी धरून मोजण्याच्या ज्या पद्धतीला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली, तिच्यात ७.५ मिलिलीटर रक्त घेतात, आणि शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात तेवढ्या रक्तात पाच किंवा अधिक पेशी सापडणे हे गंभीर लक्षण मानतात. एक थेंब म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलीटर, तेव्हा ७.५ मिलिलीटरचे दीडशे थेंब झाले. दीडशे थेंबांत मिळून पाच पेशी असतील, तर बोटाला टोचून काढलेल्या एका थेंबात त्यांतली एखादी असण्याची शक्यता तीसात एक. म्हणजे रोग पसरलेल्या तीस रुग्णांपैकी एकोणतिसांना ती थेंबाची चाचणी निर्धास्त करून घरी पाठवील. जे थेंबात आलेच नाही ते जगातील कोणतीही चिप शोधू शकत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनसारख्या प्रथिनांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे रेणू थेंबाथेंबात असंख्य असतात, आणि म्हणूनच चुंबकीय कणांवर चालणारी हातात मावणारी यंत्रे ट्रोपोनिनसाठी युरोपात बाजारात येऊ शकली. कोणता पदार्थ, किती प्रमाणात, किती रक्तात, हे तीन प्रश्न न विचारता ‘एका थेंबात’ हे शब्द छापू नयेत, अशी माझी आपल्या विज्ञान-वार्ताहरांना विनंती आहे.

जाहिरातीविषयी एक शब्द. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेह आणि रक्तदाब हे दोन्ही आजार आहेत, शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी विकली जाणारी वस्तूही त्याच्या व्याख्येनुसार औषधात मोडते, आणि अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्यालाही तो मना करतो. मी वकील नाही, आणि आपल्या जाहिरात विभागाला हे माझ्याआधी ठाऊक असेल. तरी लेखाच्या खाली कोणती जाहिरात बसते आहे, हे पान छपाईला जाण्यापूर्वी संपादकीय विभागातील कोणीतरी एकदा पाहावे. शेजारचे जॉबर आपल्या दैनिकाचे तीस वर्षांचे वाचक आहेत. जाहिरातीवर त्यांचा विश्वास नव्हताच. ‘‘पण वर तर पेपरवाल्यांनीच लिहिलंय की,’’ असे ते म्हणाले.

शेवटी एक छपाईची दुरुस्ती. लेखात मण्याचा व्यास ‘२.८ मिलिमीटर’ असा छापला आहे. एवढा मणी मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या दाण्याहून थोडासाच लहान भरेल आणि टोचण्याच्या सुईतूनही जाणार नाही. तिथे ‘२.८ मायक्रॉन’ असे हवे. पुढील रविवारी पुरवणीत त्याच पानावर ही दुरुस्ती, आणि तिच्यासोबत ‘चिप रक्तातील लोह ओढत नाही, ती रक्तात मिसळलेले चुंबकीय मणी ओढते’ हे एक वाक्य, छापावे ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक,
जुळे सोलापूर